उद्याचं सावज

पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, इंदापूर तालुक्यात, वडापुरी नावाचं गाव आहे. सजवलेला बैल घेऊन गावोगाव फिरणारे तिरमल नंदीवाले दर तीन वर्षांनी इथे जमत. बिऱ्हाडं दुरून यायची, पालं पडायची, जातपंचायत बसायची. लग्नं ठरत, तंटे सुटत. कोणत्या कुटुंबाने कोणत्या मुलखात फिरायचं याचे वादही तिथेच मिटत. कैलाशचंद्र मल्होत्रा या मानवशास्त्रज्ञाने या मेळाव्यांचा बारकाईने अभ्यास केला. पुण्यात इरावती कर्वे यांच्यासोबत त्यांनी महाराष्ट्रातल्या जातींवर संशोधन केलं होतं. दोघांचा एक गाजलेला निबंध १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे मल्होत्रांची गाठ माधव गाडगीळ यांच्याशी पडली. गाडगीळ मूळचे पुण्याचेच. प्राण्यांची संख्या का वाढते, का घटते, याचं गणित मांडणारा हा परिसरशास्त्रज्ञ आणि माणसांच्या चालीरीती समजून घेणारा तो मानवशास्त्रज्ञ, दोघे मिळून एकाच प्रश्नाकडे वळले. नंदीवाले, फासे पारधी आणि वैदू हे तिन्ही समाज त्याच माळरानांवर फिरतात, तिघेही शिकार करतात. मग त्यांच्यात सावजावरून भांडणं का होत नाहीत?

एस. बी. खोमणे यांना सोबत घेऊन त्यांनी १९८३ साली जे उत्तर छापलं ते आजही वाचण्यासारखं आहे. तिन्ही समाजांनी रान वाटून घेतलं होतं, पण जमिनीवर रेघ ओढून नव्हे. वाटणी सावजाची होती आणि हत्यारांची होती.

फासे पारध्यांचं हत्यार फास. लांब दोरीला ओळीने फास बांधायचे, ते काळविटांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर मांडायचे आणि कळपाला न बुजवता हळूहळू त्या दिशेला सरकवत न्यायचं. घाई केली तर कळप उधळतो आणि सगळी मेहनत वाया जाते. हरणांबरोबर मोर, तितर, लावे हे पक्षीही फासातच येत. त्यांच्या भाऊबंदांपैकी गायपारधी शिकवून तयार केलेल्या गाईच्या आडोशाने सावजाजवळ सरकत. नंदीवाल्यांची भिस्त कुत्र्यांवर. रानडुक्कर, साळिंदर, घोरपड असे बिळात घुसणारे किंवा अंगावर येणारे प्राणी कुत्र्यांनी घेरायचे आणि माणसांनी मारायचे. झाडपाल्याची औषधं देणारे, तुंबड्या लावणारे वैदू मुंगूस, उदमांजर, रानमांजर असे लहान मांसाहारी प्राणी सापळ्यात आमिष ठेवून पकडत, आणि ओढ्या-नद्यांतले मासे, कासवं, खेकडे हीही मुख्यतः त्यांचीच मिळकत. थोडीफार सरमिसळ असेच. पण ज्या प्राण्यावर एकाचं पोट चालतं त्याच्या मागे दुसरा सहसा लागत नसे.

या मांडणीचं महत्त्व कळायला पुणे जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे हवा. पश्चिमेला ताम्हिणी, लोणावळा, भीमाशंकर. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, निमसदाहरित जंगल, शेकरू आणि धनेश. तिथून पूर्वेला सव्वाशे-दीडशे किलोमीटर गेलं की इंदापूर-बारामतीचा अवर्षणाचा पट्टा. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, गवताळ माळ, चिंकारा आणि लांडगे. जगातल्या उष्णकटिबंधीय जंगलांबद्दल जो वाद अ‍ॅमेझॉन आणि काँगोच्या नावाने चालतो, त्याचे जवळजवळ सगळे मुद्दे या एका जिल्ह्यात सापडतात. रानावर जगणारी माणसं रान राखतात की संपवतात, हा तो वाद. मला स्वतःला तो अशा रूपात मांडणंच चुकीचं वाटतं. का, ते सांगतो.

गाडगीळ-मल्होत्रांचा तर्क असा होता. एखाद्या सावजावर एकाच समाजाचा हक्क असेल, आणि त्या समाजातही कोणत्या कुटुंबाने कुठे फिरायचं हे ठरलेलं असेल, तर आज सोडलेलं जनावर उद्या आपल्यालाच किंवा आपल्या मुलांना मिळण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा हात आखडता घेणं परवडतं. याउलट ज्या सावजावर दहा जण टपलेले आहेत ते आपण सोडलं तर शेजारी मारणार. तिथे संयम म्हणजे निव्वळ नुकसान. या तर्काला आधार देणारी एक रीत त्यांनी नोंदवली आहे. फासात गाभण मादी किंवा पाडस सापडलं तर फासे पारधी ते सोडून देत. ज्या माणसाच्या पालात संध्याकाळच्या जेवणाची खात्री नाही, त्याने हातात आलेलं मांस सोडणं ही लहान गोष्ट नाही.

पश्चिमेकडच्या डोंगरांत संयमाची आणखी एक तऱ्हा दिसते. गाडगीळांनी पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याबरोबर सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. मावळ-मुळशीतल्या कित्येक गावांना आजही देवराई आहे. तिथे कुऱ्हाड चालत नाही, आणि अनेक ठिकाणी शिकारही वर्ज्य असते. किती मारायचं हे रोज मोजत बसण्यापेक्षा ‘इथे मारायचंच नाही’ हा ठोकताळा पाळायला सोपा आणि राखण करायलाही सोपा. कुठे मारायचं नाही, कोणत्या अवस्थेतलं जनावर मारायचं नाही, कोणत्या काळात मारायचं नाही, असे हे ठोकताळे जगभरच्या शिकारी समाजांत सापडतात, असं गाडगीळांनी पुढे इतर संशोधकांबरोबर दाखवून दिलं. अर्थात देवराया बहुधा लहान, काही गुंठ्यांपासून काही एकरांपर्यंतच्या. सांबर किंवा गवा त्यांच्या भरवशावर टिकत नाही. धनेशाला घरट्यासाठी ढोलीचं जुनं झाड मात्र तिथे नक्की मिळतं, आणि सह्याद्रीच्या अनेक भागांत ते फक्त तिथेच मिळतं.

आता शंका. ती घ्यायलाच हवी, कारण हा तर्क इतका गोड आहे की लगेच पटतो. सुमित गुहा यांच्यासारख्या इतिहासकारांनी असा आक्षेप घेतला की पश्चिम भारतातले समाज इतके स्थिर कधीच नव्हते. लढाया, दुष्काळ, स्थलांतरं यांत माणसं धंदे बदलत, मुलूख बदलत. सावजाची अशी नीटस वाटणी शतकानुशतकं चालत आली असं मानायला पुरावा कमी आहे. दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. ज्या वाटणीला आपण ‘परिसराशी जुळवून घेणं’ म्हणतो तिच्यात कोणाच्या वाट्याला सुपीक जमीन आली आणि कोणाच्या वाट्याला घोरपड आणि उंदीर आले, हे विसरता येत नाही. पारध्याकडे शेत नव्हतं म्हणून त्याने फास विणला. त्याच्या संयमाचं कौतुक करताना त्याची उपासमार व्यवस्थेचा भाग होती हे बाजूला ठेवणं अप्रामाणिकपणाचं होईल.

तिसरी शंका पेरू देशातून आली. मायकेल आल्वार्ड या संशोधकाने तिथल्या पिरो आदिवासींबरोबर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस राहून त्यांच्या शिकारीची नोंद ठेवली. त्याचा प्रश्न सरळ होता. जे प्राणी सावकाश वाढतात, जे लवकर संपू शकतात, त्यांना हे शिकारी मुद्दाम सोडतात का? उत्तर आलं, नाही. समोर मोठं माकड आलं आणि ते मारणं श्रमाच्या मानाने फायद्याचं असलं तर ते मारलं जाई. मादी आहे की पिल्लू आहे याचा फारसा विचार नसे. त्याआधी रेमंड हेम्स यांनीही अ‍ॅमेझॉनमधल्या शिकाऱ्यांबद्दल असंच म्हटलं होतं: जवळचं रान सोडून ते लांब जातात, ते जवळच्या रानाला विश्रांती देण्यासाठी नव्हे, तर लांब गेल्यावर शिकार जास्त मिळते म्हणून. पिरो लोक वाईट होते असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्यांच्यावर संयम पाळायची वेळच आली नव्हती. माणसं थोडी होती, रान अफाट होतं आणि हत्यारांची पोच कमी होती. तेवढ्यावर प्राणी टिकून होते.

म्हणजे एखाद्या समाजाला ‘निसर्गरक्षक’ किंवा ‘निसर्गभक्षक’ असं नाव देऊन काही हाती लागत नाही. शिकारीचा परिणाम ठरतो तो चार गोष्टींवर: सावजाची वीण, हत्यार, बाजार आणि त्या रानावर कोणाचा हक्क आहे ते.

वीण पहिली. प्राण्यांची संख्या हे मुद्दल आणि दरवर्षी जगणारी पिल्लं हे व्याज असं धरलं, तर व्याजापुरती शिकार कितीही वर्षं चालू शकते. पण व्याजाचा दर प्राण्याप्राण्यागणिक वेगळा. रानडुकरीण एका वेताला चार-सहा पिल्लं घालते. उंदीर-घुशींची तर गोष्टच सोडा. कातकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या भाताच्या बांधावरचे उंदीर खाल्ले, म्हणून उंदीर कधी कमी झाले नाहीत. काळविटाची मादी एका वेळी एकच पाडस देते. दक्षिण अमेरिकेतली कोळी-माकडाची मादी सात-आठ वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते आणि पुढचं पिल्लू साधारण तीन वर्षांनी. अशा प्राण्यांच्या टोळीतल्या दोन-तीन माद्या मारल्या तरी ती टोळी सावरायला वर्षानुवर्षं लागतात. म्हणूनच अ‍ॅमेझॉनमध्ये वस्तीभोवती सगळ्यात आधी संपतात ती मोठी माकडं. शेवटपर्यंत टिकतात ते अगूटीसारखे भराभर वाढणारे कृंतक प्राणी.

आपल्याकडे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण धनेश. मोठ्या धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते, ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि फक्त चोच बाहेर काढता येईल एवढी फट ठेवते. पिल्लू थोडं मोठं होईपर्यंत नर त्या फटीतून तिला उंबर, वड, पिंपळ यांची फळं भरवत राहतो. वर्षाला बहुधा एकच पिल्लू वाढतं. त्या काळात नर मारला गेला तर एक गोळी तीन जीव घेते. शिवाय धनेश फळं गिळतो आणि बिया मैलभर दूर टाकतो. तो गेला की मोठ्या बियांच्या झाडांची रोपं आईझाडाच्या सावलीतच कुजतात. शिकारीचा परिणाम शिकार झालेल्या प्राण्यापाशी थांबत नाही. तो पुढच्या पन्नास वर्षांच्या झाडांवर उमटतो. केंट रेडफर्ड यांनी १९९२ मध्ये ‘रिकामं जंगल’ ही कल्पना मांडली ती याच काळजीतून. उपग्रहातून पाहिलं तर झाडं जागच्या जागी, हिरवीगार. खाली मात्र मोठे प्राणी संपलेले, आणि त्यांच्यावाचून ती झाडं एका पिढीची पाहुणी.

हत्यारांचं महत्त्व पेरूमधल्या मनू राष्ट्रीय उद्यानात स्पष्ट दिसतं. तिथे राहणाऱ्या मात्सिगेंका लोकांना उद्यानात बंदूक वापरता येत नाही. ते धनुष्यबाणाने शिकार करतात. त्यांच्या वस्त्यांच्या जवळपास मोठी माकडं विरळ झाली आहेत, पण थोडं लांब गेलं की ती टिकून आहेत. आसपासच्या विस्तीर्ण, शिकार न होणाऱ्या रानातून त्यांची भरही पडत राहते. संशोधकांनी गणित मांडून पाहिलं, की याच माणसांच्या हाती बंदुका आल्या तर रिकाम्या होणाऱ्या रानाचा पट्टा कितीतरी रुंद होईल. माणसं तीच, रीत तीच, भूकही तीच. फरक फक्त बाण आणि गोळी यांच्यातला.

बंदुकीपेक्षाही मला धास्ती वाटते ती तारेच्या फासाची. फासे पारध्याचा दोरीचा फास मांडणारा माणूस तिथेच दबा धरून बसलेला असतो. काय अडकलं ते तो लगेच पाहतो, आणि सोडायचं तर सोडू शकतो. मोटारसायकलच्या क्लचच्या किंवा ब्रेकच्या तारेचा फास मांडून माणूस घरी निघून जातो. कोकणात आणि घाटमाथ्यावर याला फासकी म्हणतात. ती मांडलेली असते रानडुकरासाठी, पण तिच्यात भेकर अडकतं, सांबर अडकतं आणि बिबट्याही अडकतो. तार कंबरेत रुतून बिबट्या मेल्याच्या बातम्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातून वारंवार येतात. व्हिएतनाम आणि लाओसच्या सीमेवरच्या अन्नामाईट डोंगरांत याच फासांनी जंगलं ओस पाडली आहेत. तिथे १९९२ साली जगाला पहिल्यांदा माहीत झालेला सावोला हा देखणा, लांब शिंगांचा प्राणी आज नामशेष होण्याच्या काठावर आहे. त्याच्यासाठी राखलेल्या व्हिएतनाममधल्या दोन अभयारण्यांतून वनरक्षकांनी गेल्या दशकात लाखाहून अधिक फास काढले. मांडणारे पुन्हा मांडतात, कारण तार स्वस्त आहे आणि शहरातल्या खानावळी रानातल्या मांसाला चढा भाव देतात.

इथे बाजार येतो. अ‍ॅना बेनितेझ-लोपेझ आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये उष्ण कटिबंधातल्या १७६ अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली. शिकार होणाऱ्या भागांत सस्तन प्राण्यांची संख्या शिकार नसलेल्या भागांच्या तुलनेत सरासरी ८३ टक्क्यांनी कमी आढळली, पक्ष्यांची ५८ टक्क्यांनी. रस्त्यापासून किंवा वस्तीपासून पक्ष्यांच्या बाबतीत सुमारे सात किलोमीटरपर्यंत आणि सस्तन प्राण्यांच्या बाबतीत चाळीस किलोमीटरपर्यंत हा परिणाम जाणवला. आणि मांस विकता येईल अशी बाजारपेठ जवळ असेल तिथे घट अधिक होती. घरच्या चुलीसाठी शिकार करणाऱ्याची गरज पोट भरलं की संपते. विकण्यासाठी मारणाऱ्याला अशी मर्यादा नसते. काँगोच्या खोऱ्यात लाकूडकंपन्यांनी रस्ते केले आणि त्याच रस्त्यांनी मांस शहरांकडे निघालं. आधी टोळीच्या वाट्याला जाणारं हरीण पैशाला विकलं जाऊ लागलं.

मग पुण्याच्या माळावरची काळविटं कोणी संपवली? इथे मला थोडं मागे जायचं आहे, बरंच मागे. पुण्यापासून नव्वदेक किलोमीटरवर घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ अशी कित्येक वर्षं तिथे उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकरी राहत होते. गुरं, शेळ्या-मेंढ्या पाळत होते आणि शिकारही करत होते. उत्खननात निघालेल्या हाडांत काळवीट आहे, इतर हरणं आहेत. पाऊस कमी होऊन शेती ढासळली तेव्हा शेवटच्या काळात ही माणसं पशुपालनाकडे आणि शिकारीकडे अधिक झुकली, असं मधुकर ढवळीकर यांनी मांडलं आहे. म्हणजे या खोऱ्यात माणूस काळवीट मारतो आहे त्याला किमान तीन हजार वर्षं झाली. आणि तरी देशातल्या काळविटांची संख्या एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चाळीस लाखांच्या घरात असावी असा अंदाज केला जातो. १९४७ पर्यंत ती ऐंशी हजारांवर आली असं मानतात, १९६४ पर्यंत आठ हजारांवर. हे अंदाजच आहेत, पण उताराची दिशा नि वेग याबद्दल दुमत नाही. तीन हजार वर्षं फास होता आणि काळवीटही होतं. मग दीडशे वर्षांत असं काय घडलं?

माळ नांगरले गेले, हे पहिलं कारण. आणि दुसरं, शिकारी बदलले. विल्यम साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी पुण्याच्या परिसरात दख्खनच्या प्राण्यांची यादी करत होता. रानकुत्र्याचं, म्हणजे कोळसुंद्याचं शास्त्रीय वर्णन त्याने १८३१ मध्ये दख्खनच्या नमुन्यांवरून केलं. पुढच्या शतकात त्याच कोळसुंद्यांना उपद्रवी ठरवून सरकार मारणाऱ्याला इनाम देत होतं. वाघ, बिबटे, लांडगे यांच्यावरही इनामं होती. महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून काढलेला आकडा असा की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ऐंशी हजारांहून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. राजेरजवाड्यांची शिकार वेगळीच. भारतातले शेवटचे तीन चित्ते १९४७ मध्ये कोरिया संस्थानच्या महाराजांनी मारल्याची नोंद प्रसिद्ध आहे. स्वातंत्र्यानंतर जीप आली, हातबत्ती आली, शेतीच्या राखणीसाठी बंदुकीचे परवाने सढळ हाताने मिळाले. रात्री दिव्याच्या झोतात थिजून उभी राहिलेली काळविटं चालत्या जीपमधून टिपणं यात कौशल्य लागत नाही आणि संयमाला कारणही नसतं. तो शिकारी त्या माळावर राहत नव्हता. उद्या काळवीट उरलं काय नि न उरलं काय, त्याच्या घरची चूल पेटणारच होती.

आणि याच काळात पारध्यावर काय आलं? १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी भटक्या समाजांना जन्माने गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. पुढे मुंबई इलाख्यातही हा कायदा आला आणि कुटुंबंच्या कुटुंबं काटेरी तारांच्या वसाहतीत डांबली गेली. सोलापूरची सेटलमेंट त्यातली नावाजलेली. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा शिक्का कायद्याने पुसला, समाजाच्या मनातून नाही. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत गेलं. हा कायदा गरजेचा होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याच्याविना आज रेहेकुरी अभयारण्यात काळवीट आणि सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा दिसलाच नसता. पण त्या कायद्याने बंगल्यातल्या शिकाऱ्याचा छंद गेला आणि पारध्याचं पोट गेलं, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. ज्याच्याकडे कलेक्टरच्या सहीचा बंदुकीचा परवाना होता त्याला पर्यायी धंदा होता. पारध्याकडे जमीन नव्हती, दाखला नव्हता, गावात थारा नव्हता. काही जणांच्या रानाच्या ज्ञानाला मग एकच गिऱ्हाईक उरलं, ते म्हणजे चोरट्या व्यापारातले दलाल. वाघाचं कातडं नि हाडं देशाबाहेर पाठवून पैसा करणारा माणूस सहसा पकडला जात नाही. सापळा लावणारा पकडला जातो.

हक्काचा मुद्दा मी शेवटी ठेवला तो यासाठी. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना गौण वनउपज गोळा करण्याचा आणि सामूहिक वनाचं रक्षण करण्याचा हक्क दिला, मात्र शिकारीचा परंपरागत हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. मला हे वगळणं मान्य आहे. आज सह्याद्रीत भेकराची, पिसोरीची, शेकरूची शिकार चालू ठेवण्याइतकं मुद्दल उरलेलं नाही. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ मध्ये मुख्यतः शेकरूसाठी झालं, तेही सुमारे १३० चौरस किलोमीटरचं. मनूसारखं भर घालणारं अफाट रान तिथे पाठीशी नाही. पण रक्षणाचा हक्क कागदावर देऊन राखणदाराला पगार, अधिकार आणि मान यांपैकी काहीच न देणं हा अर्धाच कायदा झाला.

तो पुरा केला तर काय होतं, याची उदाहरणं आपल्याच देशात आहेत. नागालँडमध्ये दोयांग धरणाच्या जलाशयाकाठी दर हिवाळ्याच्या तोंडावर अमूर ससाण्यांचे प्रचंड थवे उतरतात. २०१२ मध्ये तिथे मासेमारीच्या जाळ्यांत अडकवून एका हंगामात लाखाहून अधिक ससाणे मारले गेल्याचा अंदाज निघाला. बातमी जगभर गेली. पांगती आणि आसपासच्या गावांच्या पंचायतींनी बंदी घातली, चर्चने साथ दिली, आणि २०१३ च्या हंगामात जाळी लागली नाहीत. त्या वर्षी काही ससाण्यांच्या पाठीवर उपग्रह-यंत्रं बसवली आणि त्यांतल्या एकाला पांगती गावाचंच नाव दिलं. हे पक्षी पुढे भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून आफ्रिकेत जातात. लोणावळ्याच्या परिसरातल्या पक्षीनिरीक्षकांनाही ते त्या वाटेवर दिसतात. एका वर्षात हे घडू शकलं, कारण त्या रानावर आणि पाण्यावर गावाचा हक्क सगळ्यांना मान्य होता. बंदी घालणारे आणि पाळणारे एकच होते.

अरुणाचलातल्या पक्के व्याघ्र प्रकल्पाभोवती राहणाऱ्या न्यिशी पुरुषांच्या टोपीवर धनेशाची चोच असे. आता तिथे फायबरच्या चोची रूढ झाल्या आहेत, आणि २०११-१२ पासून न्यिशी गावकरी पगार घेऊन धनेशांची घरटी राखतात. घरटं कोणत्या झाडावर आहे, नर केव्हा येतो, हे ज्यांना आधी बंदुकीसाठी कळत होतं त्यांनाच ते आता राखणीसाठी कळतं. वाशीम-अकोल्याच्या गवताळ माळांवर ‘संवेदना’ ही संस्था फासे पारध्यांबरोबर काम करते. तितर कुठे घरटं करतो, तणमोर कोणत्या गवतात उतरतो, हे तिथल्या पारध्याला पदवीधर अभ्यासकापेक्षा अधिक नेमकं माहीत असतं. गवत राखण्याची आणि पक्षी मोजण्याची जबाबदारी तिथे हाच समाज घेऊ लागला आहे.

पुणे जिल्ह्यात असं काम उभं राहायला अडचण कोणती? जागा आहेत: सुप्याचा माळ, इंदापूर-दौंडची गवताळ राखीव रानं, जिथे आज लांडगे आणि चिंकारा पाहायला शनिवार-रविवारी शहरातून गाड्या येतात. माणसंही आहेत. गाड्यांबरोबर वाटाड्या म्हणून कोण जातं, त्या तिकिटाचे पैसे कुठे जातात, वनखात्याच्या हंगामी मजुरांच्या यादीत पारधी आणि वैदू किती, मुळशी-वेल्ह्यातल्या कातकऱ्याला जंगलरक्षक म्हणून घ्यायला वनखातं तयार आहे का, हे प्रश्न आपल्या ग्रामसभांनी आणि वनखात्याने एकत्र बसून सोडवण्याजोगे आहेत. रानडुकरांचाही प्रश्न त्यांत येतो. भोर-मुळशीत ती भाताची आणि भुईमुगाची नासाडी करतात. माधव गाडगीळांनी नंतरच्या लेखनात सांगितलं, की भराभर वाढणाऱ्या प्राण्यांच्या शिकारीचा निर्णय गावांच्या हाती द्यावा. पुष्कळ वन्यजीवप्रेमी त्यांच्यावर रागावले. गावाला मोजणी करायला लावून, तारेच्या फासावर कडक बंदी ठेवून आणि मांस विकायला मनाई करून हा प्रयोग एखाद्या तालुक्यात करून पाहावा, असं मला वाटतं. कारण आज शेतकरी परवानगीची वाट पाहत थांबलेला नाही. तो रात्री बांधावर फासकी लावतो आहे, आणि तिच्यात काय अडकतं याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.